मानेची गादी आणि माझे ५७,५००

आधीच सांगतो, मी काही अडाणी नाही. पण मानेतून निघालेली कळ उजव्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत जात असेल आणि रात्री खुर्चीत बसून काढाव्या लागत असतील, तर माणूस कुणाचंही ऐकतो. एमआरआयमध्ये सी-६ सी-७ ची, म्हणजे मानेच्या सहाव्या-सातव्या मणक्यांमधली गादी सरकून नस दबलेली. न्यूरोसर्जनने हाताची ताकद पाहिली, कोपरामागे हातोडी मारून पाहिली. ऑपरेशनची घाई नको, बहुतेकांचं काही आठवड्यांत उतरतं. गोळ्या आणि फिजिओ चालू ठेवा, म्हणाले. मला वाटलं, हे काहीच करत नाहीत.

मग ते ‘विनाऑपरेशन’ सेंटर. २४ सिटिंग, मशीनने मान ताणून गादी जागेवर. पॅकेज ७२,०००, आजच भरलं तर ५७,५००, नाहीतर हात लुळा पडेल. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

तो फॉर्म मात्र डोळ्यांसमोरून जात नाही. छापील, आणि तोही कंबरेचा! काउंटरवरच्या बाईंनी ‘एल-४ एल-५’ पेनाने खोडून वर ‘मान’ लिहिलं. एमआरआयची फिल्म पाकिटातून कुणी काढलीही नव्हती. हे सगळं बघत बघत मी सही केली.

आठव्या सिटिंगला सेंटरमधल्या ‘डॉक्टर’ने मानेला हिसका दिला. कट्कन आवाज, घेरी आली. अशा हिसक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते, हे नंतर कळलं. मानेला हिसका कुणालाही देऊ देऊ नका. उरलेल्या १६ सिटिंगचे ३८,३३३ मागितले, तर ‘पॅकेज परत होत नाही.’

पोलीस म्हणाले, सही तुमचीच, हा दिवाणी मामला. वैद्यकीय परिषदेत गेलो. तिथलं उत्तर: तो आमच्याकडे नोंदलेला डॉक्टरच नाही, कारवाई कशी करणार? अहो, तीच तर माझी तक्रार आहे! आरोग्य खात्याने पुन्हा पोलिसांकडे धाडलं. ग्राहक आयोगात अर्ज तीनदा परत, एकदा तर पानांवर क्रमांक नाहीत म्हणून. फसवणारा एका दुपारी पैसे घेतो, आणि आपण नुसते शिक्के गोळा करत फिरायचं.

सगळे पैसे आगाऊ मागितले की उठा. हाताची ताकद घटतेय, चालताना तोल जातोय, लघवीवर ताबा राहत नाही, असं काही झालं तर मात्र त्याच दिवशी सर्जनकडे जा. तेव्हा थांबणं महागात पडतं.

माझी कळ तिसऱ्या महिन्यात ओसरली, गोळ्या आणि फिजिओच्या व्यायामावर. परवा सेंटरचा मेसेज आला: बरे झालात ना, एक छोटा व्हिडिओ पाठवाल का?