पंखा साफ करायला दिला, रॅम गेली

लॅपटॉपचा पंखा साफ करून घ्यायचा असेल तर लॅपटॉप दुकानात ठेवून येऊ नका. समोर बसून काम करून घ्या. माझ्याबरोबर जे झालं ते तुमच्याबरोबर होऊ नये म्हणून लिहितोय.

माझा लॅपटॉप फार तापायचा. पंखा सतत घोंघावायचा आणि एक्सेलची मोठी फाइल उघडली की सगळं संथ. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. बहुतेक वेळा याचं कारण साधं असतं: पंख्याच्या तोंडाशी, हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) पातळ पट्ट्यांवर धूळ आणि तंतूंचा घट्ट थर बसतो आणि गरम हवा बाहेरच पडत नाही.

दुकानदार म्हणाला, "साहेब, ठेवून जा, संध्याकाळी या." संध्याकाळी त्याचा फोन आला. मदरबोर्डमध्ये शॉर्ट आहे, चिप लेव्हलचं काम (बोर्डवरचे बारीक भाग सोल्डरिंग करून बदलणं) करावं लागेल, साडेचार हजार होतील, नाही केलं तर आज ना उद्या मशीन बंद पडेल. ऑफिसचं काम अडलेलं, पैसे दिले. हातात चिठ्ठी आली, तिच्यावर फक्त 'सर्व्हिसिंग' आणि रक्कम.

घरी आणल्यावर लॅपटॉप तितकाच तापत होता, शिवाय आणखी संथ. टास्क मॅनेजर उघडून मेमरी, म्हणजे रॅम, पाहिली तर 8 जीबी. विकत घेतला तेव्हा 16 होती.

मग दुसऱ्या एका कारागिराने माझ्यासमोर खालचं झाकण उघडलं. धुळीचा थर जसाच्या तसा. प्रोसेसरवरची, उष्णता हीटसिंककडे नेणारी पेस्ट वाळून कडक झालेली, म्हणजे हीटसिंक कोणी उचललाच नव्हता. बोर्डवर कुठे सोल्डरिंगची खूण नाही. रॅमचा एक स्लॉट रिकामा! त्याने आधी बॅटरीचा कनेक्टर काढला, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली (हवेच्या जोराने पंखा गरगरला तर बेअरिंग खराब होतं) आणि ब्लोअर मारला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावली. सातशे रुपये घेतले. एवढंच काम होतं ते.

खरेदीचं बिल घेऊन पहिल्या दुकानात गेलो. "तुम्ही दिला तेव्हा 8च होती," हे उत्तर. जमा करताना त्याने काहीच लिहून दिलेलं नव्हतं, त्यामुळे माझा शब्द विरुद्ध त्याचा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवल्यावर साडेचार हजार परत मिळाले. रॅम मिळाली नाही.

लॅपटॉप ठेवणं टळतच नसेल तर दुकानदारासमोर तो चालू करा, रॅम आणि एसएसडीचा (फाइली साठवणारी डिस्क) आकार दिसणाऱ्या स्क्रीनचा फोटो काढा आणि तेच जॉबशीटवर (लॅपटॉप जमा केल्याच्या पावतीवर) लिहून घ्या. फोनवर 'मदरबोर्ड गेला' असं सांगितलं तर होकार देऊ नका. दुकानात जा, झाकण उघडायला लावा, बिघाड कुठे आहे ते दाखवायला सांगा. भाग बदलला असेल तर जुना भाग मागून घ्या आणि बिलावर नव्या भागाचा सिरीयल नंबर लिहिल्याशिवाय पैसे देऊ नका.