लेमी: रेडिट सोडून दहा महिने

आधी लेमीचे गुण सांगून टाकतो (लेमी म्हणजे रेडिटसारखाच चर्चेचा मंच, पण अनेकांनी आपापल्या सर्व्हरवर चालवलेला): पाचपैकी तीन. त्यातला एक माझ्या हट्टाचा.

२०२३ मध्ये रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाने एपीआयला, म्हणजे बाहेरच्या ॲप्सना तिथला मजकूर मिळतो त्या वाटेला, दर लावला. रेडिट वाचायचं अपोलो ॲप बनवणाऱ्या ख्रिश्चन सेलिगने हिशेब मांडला: पाच कोटी रिक्वेस्टना १२,००० डॉलर, म्हणजे त्याला वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर. १२ जूनला हजारो सबरेडिट्सनी (रेडिटवरच्या विषयवार गटांनी) निषेध म्हणून दारं लावून घेतली, पण बहुतेकांनी फक्त दोन दिवसांसाठी. उघडायची तारीख आधीच सांगून केलेला बंद कोण मनावर घेतो? सीईओ स्टीव्ह हफमन यांनी कर्मचाऱ्यांना कळवलं की हेही ओसरेल. ओसरलंच. ३० जूनला अपोलो मिटलं, मार्च २०२४ मध्ये कंपनीचा शेअर ३४ डॉलरने बाजारात आला.

मी जूनमध्येच लेमीवर आलो. इथे आधी सर्व्हर निवडावा लागतो आणि अर्धे लोक तिथूनच परत फिरतात. प्रकार ईमेलसारखा आहे: खातं कुठेही काढा, बोलणं सगळ्यांशी होतं. लेमीसाठीचं व्हॉयेजर ॲप थेट अपोलोच्या वळणाचं, त्यामुळे हात लगेच बसला. जाहिरात एकही नाही. लिनक्सबद्दल विचाराल तर उत्तरांचा पाऊस. पुण्यातल्या भाड्याच्या घरांबद्दल विचारलं, तर तीन दिवसांनी एकच उत्तर आलं, तेही फिनलंडहून.

माझा पहिला सर्व्हर एकटा माणूस पदरच्या पैशाने चालवत होता. फेब्रुवारीत त्याची सूचना आली: खर्च झेपत नाही, तीन आठवड्यांत बंद करतोय. राग तरी कुणावर काढायचा? लेमीच्या ०.१९ आवृत्तीपासून सेटिंग्ज आणि सबस्क्रिप्शनची यादी फाइलमध्ये उतरवून घेता येते, तेवढी घेतली. लिहिलेलं मात्र सोबत नेता येत नाही. माझ्या जुन्या कमेंट्सच्या प्रती इतर सर्व्हरवर अजून दिसतात, पण ते खातंच उरलं नसल्याने मला त्या पुसताही येत नाहीत. मालकी माझी म्हणून आलो होतो इथे!

माझा एक मित्र दृष्टिहीन आहे, स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) वाचतो. अंधांचं सबरेडिटही त्या बंदमध्ये होतं. ओरड झाल्यावर रेडरीडर, डिस्टोपिया, लूना अशा दृष्टिहीनांना वापरता येणाऱ्या, नफा न कमावणाऱ्या ॲप्सना त्या दरातून सूट मिळाली. तो रेडरीडरवर तिथेच राहिला. मला म्हणाला, "तुम्ही ओरडलात, माझं ॲप वाचलं, आणि मग तुम्हीच गाव सोडलंत." यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

आता दुसऱ्या सर्व्हरवर आहे, दरमहा थोडी वर्गणी देतो. परवा वॉशिंग मशीनने एरर कोड दाखवला. शोधल्यावर उत्तर सापडलं ते रेडिटवरच, नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेलं. मशीन सुरू झालं. त्या माणसाला अपव्होट द्यायला गेलो, तर लॉगिन मागितलं. टॅब बंद केला.