डोमेनमधील लॅपटॉपचे नाव: जोडलेला ठेवून बदलावे, की बाहेर काढून?

रत्नागिरीत मुख्य कार्यालय आणि चिपळूण, कणकवली, देवगड येथे शाखा असलेल्या संस्थेने लॅपटॉपना नवी नावे द्यायचे ठरवले, तर तंत्रज्ञापुढे दोन मार्ग असतात. लॅपटॉप डोमेनमध्ये, म्हणजे एकाच ठिकाणाहून सांभाळल्या जाणाऱ्या संस्थेच्या विंडोज जाळ्यात, ठेवूनच नाव बदलता येते, किंवा तो डोमेनमधून काढून, नवे नाव देऊन पुन्हा जोडता येतो. दुसरा मार्ग अनेकांना अधिक स्वच्छ वाटतो. माझ्या मते मात्र त्यातच जास्त धोका आहे.

डोमेनमधील प्रत्येक लॅपटॉपचे ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे डोमेनच्या मध्यवर्ती नोंदवहीत, स्वतःचे खाते असते. पॉवरशेल या आज्ञा-खिडकीतील रीनेम-कॉम्प्युटर ही आज्ञा, नेटडॉम हे साधन किंवा सेटिंग्ज यांपैकी कशानेही जोडलेल्या स्थितीत नाव बदलले, तरी हे खाते तेच राहते. त्याचा सुरक्षा क्रमांक, गटांतील सदस्यत्व, धोरणे लागू करणारा डिरेक्टरीतील विभाग आणि खात्याखाली साठवलेल्या बिटलॉकरच्या (डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या सोयीच्या) चाव्या जागच्या जागी राहतात. बाहेर काढून नव्या नावाने जोडल्यास सहसा नवेच खाते तयार होते, ते मूळ विभागात आपोआप जात नाही, आणि कोणी आवराआवर म्हणून जुने खाते पुसले तर त्याखालील चाव्याही जातात. शिवाय स्थानिक प्रशासकाचा पासवर्ड हाताशी नसेल, तर डोमेनमधून बाहेर पडल्यावर लॅपटॉपमध्ये प्रवेश करणेच अडते.

जोडलेल्या स्थितीतील बदलालाही पथ्ये आहेत. डोमेन कंट्रोलरशी (डिरेक्टरी सांभाळणाऱ्या सर्व्हरशी) संपर्क आणि त्या खात्यात बदल करण्याचा अधिकार आवश्यक असतो. डिरेक्टरीतील नाव लगेच बदलते, लॅपटॉपवरील मात्र रीस्टार्टनंतर. म्हणून भर पावसाळ्यात, वीज आणि फायबर दोन्ही बेभरवशाची असताना, देवगडच्या शाखेतील लॅपटॉपचे नाव व्हीपीएनवरून (इंटरनेटमार्गे सुरक्षित जोडणीने) बदलण्यापेक्षा तो रत्नागिरीत केबलला जोडून बदलणे मी अधिक सुरक्षित मानतो. वायफायसाठी मशीन प्रमाणपत्र (लॅपटॉपची ओळख पटवणारी डिजिटल फाइल) वापरात असेल, तर त्यावर जुनेच नाव राहते आणि वायफायची जोडणी अडू शकते. तेव्हाही केबलच उपयोगी पडते. शाखेत वेगळा कंट्रोलर असल्यास लॅपटॉप परत पाठवण्याची घाई करू नये, कारण साइटांमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणच्या कंट्रोलरांमध्ये, बदल पोहोचवणाऱ्या प्रतिकृतीचे अंतर कोणी बदलले नसेल तर 180 मिनिटांचे असते आणि तोवर तिथल्या कंट्रोलरला नवे नाव ठाऊक नसते.

नवे नाव 15 अक्षरांत बसावे आणि डिरेक्टरीत आधीपासून नसावे. त्यात शाखेचा संकेत घालू नये, कारण कर्मचाऱ्याची बदली मालवणला झाली की हाच खटाटोप पुन्हा करावा लागतो. मालमत्ता क्रमांक पुरेसा आहे.

लॅपटॉप दुसऱ्या डोमेनमध्ये न्यायचा असेल, किंवा डोमेनशी असलेला विश्वाससंबंध, म्हणजे दोघांनी एकमेकांची ओळख पटवण्याची व्यवस्था, तुटून दुरुस्तीच्या आज्ञेनेही जुळत नसेल, तर मात्र बाहेर काढून पुन्हा जोडण्याचाच मार्ग घ्यावा; त्याआधी बिटलॉकरची चावी आणि गटांची यादी वेगळी नोंदवून ठेवावी.