मेट की एक्सएफसीई : टास्कबार जागच्या जागी राहावा म्हणून

विंडोज 10 चे नियमित पाठबळ 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले आणि ज्यांचे लॅपटॉप विंडोज 11 साठी अपात्र ठरले त्यांच्यापैकी अनेकांनी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टमची वाट धरली. मिंट घ्यायचे हे ठरले आहे, त्याच्या सिनॅमन, मेट आणि एक्सएफसीई या तीन डेस्कटॉपांपैकी (पडद्यावरची पट्टी, मेनू, खिडक्या सांभाळणारा भाग म्हणजे डेस्कटॉप) सिनॅमन आपल्या जुन्या यंत्राला जड जाईल असेही वाटते आहे आणि आता मेट घ्यावे की एक्सएफसीई एवढाच प्रश्न उरला आहे, अशा वाचकासाठी हे टिपण आहे. दोन्ही हलकी आहेत, दोन्हींवर मराठी टंकलेखन नीट होते आणि 4 जीबी रॅमच्या यंत्रावर वेगात सांगण्याजोगा फरक मला तरी जाणवला नाही. त्यामुळे मी फक्त टास्कबारविषयी, म्हणजे लिनक्सवाले जिला पॅनेल म्हणतात त्या पट्टीविषयी, लिहिणार आहे. कारण डिचोली तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात निर्णय झाला तो त्या पट्टीमुळेच.

मेटचा उच्चार खरे तर ‘माते’ असा करतात. नाव दक्षिण अमेरिकेतील एका पेयावरून आले आहे, पण ते ऐकून आमच्या एका सभासदाने गमतीने हात जोडले होते. विंडोजची सवय असलेल्या माणसाला हे पॅनेल पहिल्याच दिवशी ओळखीचे वाटते. पट्टीवरील कोणत्याही वस्तूवर उजवी क्लिक केली की ती हलवणे, काढणे किंवा जागेवर लॉक करणे हे पर्याय तिथल्या तिथे मिळतात. त्यासाठी वेगळी खिडकी उघडून यादी धुंडाळावी लागत नाही. घड्याळाचे तर मला अजूनही कौतुक आहे. एकाच घड्याळात अनेक शहरे घालून ठेवता येतात आणि त्यावर क्लिक केले की कॅलेंडरसोबत त्या शहरांच्या वेळाही दिसतात. ज्यांचा मुलगा किंवा जावई आखातात आहे अशा आमच्या सभासदांना दुबईची वेळ पडद्यावर आयती दिसणे फार आवडले होते. दीड तास वजा करणे कठीण नाही, पण करावे लागू नये हे चांगलेच.

अडचण आली ती प्रोजेक्टरपाशी. वाचनालयाच्या लॅपटॉपचा पडदा 1366 बाय 768 पिक्सेलचा आहे आणि देणगीत मिळालेला प्रोजेक्टर 1024 बाय 768 चा. व्याख्यानाच्या वेळी दोन्हींवर एकच चित्र दाखवायचे तर लॅपटॉपलाही 1024 वर उतरावे लागते. पट्टी 342 पिक्सेलनी आखूड झाली की उजव्या टोकाचे घड्याळ, बॅटरी, आवाज आणि मराठी कळफलकाचे चिन्ह डावीकडे सरकणार, हे ओघानेच आले. माझी तक्रार त्यापुढची आहे. प्रोजेक्टर काढल्यावर पट्टी पुन्हा पूर्ण लांबीची होई, पण ही मंडळी जिथे सरकली होती तिथेच ठाण मांडून बसत, आणि उजवीकडे चार बोटे जागा रिकामी राही.

हे एकदाच घडले असते तर मी विसरलोही असतो. परंतु आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाते आणि येते, आणि व्याख्याने नेमकी चवथीच्या आगेमागे असतात. लाइट गेली की प्रोजेक्टर बंद पडे आणि बॅटरीवर चालू राहिलेला लॅपटॉप पुन्हा 1366 वर जाई. लाइट आली की पुन्हा 1024. एका संध्याकाळी हा खेळ चार वेळा झाला आणि शेवटी घड्याळ उघड्या खिडक्यांच्या बटनांमध्ये जाऊन अडकले, तर आवाजाचे चिन्ह मेनूच्या शेजारी येऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपाल बाईंचा फोन आला, “सर, घड्याळ परत पळाले.” ‘परत’ हा शब्द मला जास्त लागला. प्रत्येक वस्तू उचलून जागेवर ठेवायला दहा मिनिटे लागत. काम अवघड नव्हते, पण दर व्याख्यानानंतर तेच करायचे म्हणजे वीट येतो.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मेट आपल्या पट्टीवरील प्रत्येक वस्तूची जागा टोकापासून अमुक इतके पिक्सेल अशा आकड्यात नोंदवून ठेवते. पट्टी आखूड झाली की वस्तू एकमेकींना ढकलतात, आणि निदान मी वापरलेल्या आवृत्तीत तरी ढकलल्यानंतरचे आकडेच कायम राहत. वस्तू लॉक करून पाहिल्या. आमच्या लॅपटॉपवर त्याचा उपयोग झाला नाही. टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, पॅनेल रीसेट केले की पट्टी सरळ होते खरी, पण मूळ मांडणी परत येताना आपण जुळवलेले सगळे जाते. सर्वांत बरा उपाय म्हणजे मांडणी एकदा मनासारखी झाली की डीकॉन्फच्या (मेटच्या सेटिंग्ज जिथे साठतात त्या कोठाराच्या) आज्ञेने पॅनेलच्या सगळ्या नोंदी एका फाइलमध्ये उतरवून ठेवायच्या आणि बिघडले की परत भरायच्या. मी तेही काही दिवस केले. मात्र ग्रंथपाल बाईंना टर्मिनल उघडायला सांगणे मला प्रशस्त वाटले नाही.

एक्सएफसीईमध्ये हा हिशेबच वेगळा आहे. तिथे पट्टीवरील वस्तूंची फक्त क्रमवार यादी असते. पॅनेल प्रेफरन्सेसमधील ‘आयटम्स’ या भागात ती वरपासून खालपर्यंत दिसते, आणि त्यात वरखाली केले की पट्टीवर डावेउजवे होते. मध्ये एक सेपरेटर, म्हणजे दोन वस्तूंमध्ये अंतर राखणारा दुभाजक, ठेवून त्याच्या ‘एक्सपांड’वर खूण केली की उरलेली सगळी मोकळी जागा तो एकटा व्यापतो आणि त्याच्यानंतरच्या वस्तू उजव्या टोकाला जाऊन टेकतात. पट्टीची लांबीही टक्क्यांत सांगता येते. 1024 असो की 1366, शंभर टक्के ते शंभर टक्केच; आखडतो किंवा पसरतो तो सेपरेटर, घड्याळ नव्हे. मागच्या पावसाळ्यात लाइट तितक्याच वेळा गेली आणि बाईंचा फोन एकदाही आला नाही. मोजमाप म्हणून माझ्याकडे एवढेच आहे.

याचा अर्थ एक्सएफसीई निर्दोष आहे असा नाही. तो सेपरेटर दिसत नाही, हीच त्याची अडचण. आमच्याकडे येणाऱ्या एका शाळकरी मुलाने उजवी क्लिक करून तो नकळत काढून टाकला आणि सगळी पट्टी डावीकडे गोळा झाली. नवीन सेपरेटर घालून, यादीत खिडक्यांच्या बटनांखाली आणून, एक्सपांडवर खूण केली की एका मिनिटात काम झाले; पण मुळात काय हरवले आहे हे ओळखायला मला अर्धा तास लागला होता. तसेच दोन्ही पडद्यांवर वेगवेगळे चित्र ठेवायचे असेल, तर पॅनेल भलत्याच पडद्यावर जाऊ नये म्हणून ‘आउटपुट’ या ठिकाणी ऑटोमॅटिक न ठेवता प्रायमरी निवडावे लागते. पट्टीची जाडी कमी ठेवली तर मराठी वारांच्या वेलांट्या आणि उकार मला चेपल्यासारखे वाटले, म्हणून मी ती थोडी वाढवली. दुबईच्या वेळेसाठी दुसरे घड्याळ लावून त्याचा टाइमझोन बदलावा लागतो, आणि मग पट्टीवर दोन घड्याळे शेजारीशेजारी बसतात, जे मेटइतके नेटके नक्कीच दिसत नाही.

मांडणी जपून ठेवण्यासाठी एक्सएफसीईला ‘पॅनेल प्रोफाइल्स’ नावाचे छोटे साधन आहे. त्यात पूर्ण पट्टी नावानिशी साठवता येते आणि दोन क्लिकमध्ये परत आणता येते. मी ‘वाचनालय’ या नावाने एक प्रत ठेवली आहे. ती परत कशी आणायची हे बाईंना पाच मिनिटांत समजले.

आपला संगणक टेबलावरून हलत नसेल, त्याला एकच मॉनिटर कायम जोडलेला असेल आणि उजव्या क्लिकची सोय महत्त्वाची वाटत असेल, तर मेट घेण्यात काहीच चूक नाही. वाचनालयातील मोठ्या संगणकावर मी अजून मेटच ठेवले आहे, दुबईच्या घड्याळासह. मात्र लॅपटॉप असेल आणि तो कधी सभागृहात, कधी शाळेत, कधी घरच्या टीव्हीला जोडला जाणार असेल, तर मी एक्सएफसीई घ्या असे सुचवीन, आणि मांडणी जुळली की त्याच दिवशी तिची प्रत करून ठेवा असेही.