अन्ननलिकेची शस्त्रक्रिया: छाती उघडून की दुर्बिणीतून?

अन्ननलिकेच्या कर्करोगात सर्जन दोन पर्याय सांगतात, तेव्हा घरच्यांचं लक्ष जखम किती मोठी याकडे जातं. माझ्या मते पहिला प्रश्न फुप्फुसांचा असावा.

छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत बरगड्या फाकवाव्या लागतात. नंतर खोल श्वास घेताना, खोकताना इतकं दुखतं की रुग्ण कफ गिळून टाकतो किंवा तसाच राहू देतो. तिथूनच न्यूमोनिया सुरू होतो. दुर्बिणीत छिद्रं छोटी, त्यामुळे खोकणं जमतं. नेदरलँड्स, स्पेन आणि इटलीतल्या ११५ रुग्णांच्या चाचणीत (२०१२) पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसाचा संसर्ग उघड्या शस्त्रक्रियेनंतर २९ टक्के जणांना झाला, दुर्बिणीनंतर ९ टक्के. हा फरक मोठा आहे.

पण दुर्बीण म्हणजे धोका टळला, असं नाही. वय, बिडी-सिगारेट, जुना दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार), खंगलेलं शरीर हे धोके दोन्हीकडे रुग्णासोबतच येतात. स्वरयंत्राची नस दुखावली तर आवाज बसतो, पाणी पिताना ठसका लागतो आणि थेंब थेंब फुप्फुसात उतरतं. अन्ननलिकेचा भाग काढून केलेला जोड गळला तर छातीत पू होतो. यांपैकी काहीही दुर्बिणीतूनही होऊ शकतं.

शक्य असेल तिथे मी दुर्बिणीच्या बाजूने आहे, मात्र ती नियमित करणाऱ्या हातांकडूनच. आणि तंबाखू तारीख ठरायची वाट न पाहता आजच सोडा. श्वास आत ओढून गोळे वर उचलायचं स्पायरोमीटर (श्वासाच्या व्यायामाचं साधन) शस्त्रक्रियेआधीच शिकून घ्या.