पॅराथायरॉइड: मान पुन्हा उघडायची की गोळ्यांवर राहायचं?

पॅराथायरॉइड म्हणजे रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या मानेतल्या ग्रंथी. त्यांतली गाठ काढली तरी रक्तातलं कॅल्शियम परत ११च्या वर गेलं, की घरात दोन तट पडतात: पुन्हा ऑपरेशन की गोळ्या. माझं म्हणणं एवढंच, की पहिलं ऑपरेशन का फसलं हे कळेपर्यंत दुसऱ्याची तारीख घेऊ नका.

आधी जुनी फाईल मिळवा. डिस्चार्ज कार्डावर भागत नाही. ऑपरेशनची नोंद आणि बायोप्सीचा रिपोर्ट हवाच. ‘डावी खालची ग्रंथी दिसली नाही’ एवढ्या एका ओळीवरून सर्जनला शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. बहुतेकांना या ग्रंथी चार, तांदळाच्या दाण्याएवढ्या, आणि कधीकधी एखादी छातीतही उतरलेली असते. अमेरिकेतल्या चार्ल्स मार्टेल या जहाजाच्या कप्तानाची गाठ १९३२ साली सातव्या ऑपरेशनात सापडली, तीही छातीत!

चोवीस तासांच्या लघवीची तपासणीही करून घ्या. एका आनुवंशिक प्रकारात लघवीतलं कॅल्शियम कमी असतं. तिथे ऑपरेशनचा उपयोग होत नाही.

दुखणं मुळापासून जायचं तर ऑपरेशनच. वय पन्नाशीच्या आत, मुतखडे, किंवा डेक्सात (हाडांच्या घनतेच्या तपासणीत) टी-स्कोअर उणे २.५ वा त्याखाली असेल, तर मी तिकडेच झुकेन. पण दुसऱ्या खेपेला आतलं सगळं चिकटलेलं असतं. आवाजाच्या नसेला धोका वाढतो, आणि उरलेल्या ग्रंथी दुखावल्या तर कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर मागे लागू शकतात. म्हणून सेस्टामिबी स्कॅन (गाठ शोधणारा किरणोत्सारी औषधाचा स्कॅन) आणि सोनोग्राफी किंवा फोर-डी सीटी, दोन्हींत गाठ एकाच जागी दिसली तरच होकार द्यावा.

दिसली नाही, किंवा वय-हृदय साथ देत नसेल, तर गोळ्या. सिनाकॅल्सेटने कॅल्शियम उतरतं, पण हाडं सुधारत नाहीत आणि मळमळ होते. अलेंड्रोनेटने हाडं सावरतात, कॅल्शियम फारसं हलत नाही. पाणी भरपूर प्या, आणि दूध-दही स्वतःच्या मनाने बंद करू नका.

मुंबईत दुसरं मत घ्यायला परळच्या केईएम रुग्णालयात एंडोक्राइनोलॉजी (हार्मोनच्या आजारांचा) विभाग आहे. ओपीडीसाठी सकाळी लवकर निघा. सर्जन कुठलाही असो, तीन गोष्टी विचारा: अशी दुसऱ्यांदाची ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का, आधी स्वरयंत्र तपासणार का, आणि गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी पीटीएच (या ग्रंथींचं हार्मोन) निम्म्याहून खाली आलं का हे ऑपरेशनच्या टेबलावरच बघण्याची सोय आहे का?