बीपी घरी मोजावं की दवाखान्यात?

जिना चढून, रांगेत ताटकळून डॉक्टरांसमोर दंड पुढे केला की अनेकांचा आकडा चढतोच. उलट काहींचा तिथं नॉर्मल येतो आणि घरी जास्त! म्हणून रोजच्या नियंत्रणासाठी मला घरचं मशीन जास्त भरवशाचं वाटतं. पण ते दंडाला बांधायचं हवं, मनगटाचं नको. सकाळी गोळी आणि चहाच्या आधी, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून 5 मिनिटं गप्प बसायचं, मग मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजून वहीत लिहायचं.

दवाखान्यात 140/90 ही सीमा धरतात, घरी 135/85. गोळी बदलणं मात्र डॉक्टरांचंच काम. आकडा उतरला म्हणून ती स्वतःहून कृपया थांबवू नका. जाताना वही न्या आणि अधूनमधून मशीनही, म्हणजे तिथल्या आकड्याशी ताडून पाहता येईल.